तिसरी वायर

तीन माणसं मिळून एक ओझं उचलताहेत आणि त्यातल्या एकाने नुसताच हात लावलाय, हे तुम्हाला डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून ओळखता येईल का?

दस्तगीर मिस्त्रींना यायचं.

घाट चढून वर आलं की फाट्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. वय सत्तरीच्या पुढचं. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला. उजेड-अंधार कळायचा, समोर कुणी उभं आहे एवढं कळायचं, कोण ते कळत नसे. पण गाडी दारात येऊन थांबायच्या आत ते आतून सांगत, "दुसरं सिलिंडर कामचुकार झालंय. बघा त्याला काय झालंय."

लोक हसत. मग प्लग काढून बघत. मग हसत नसत.

भाद्रपदातल्या एका दुपारी सुकुमार चौगुले त्यांच्या दारात एक पांढरी व्हॅन घेऊन आला.

सुकुमार मिस्त्रींचाच शिष्य. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काळा झालेला. आता तालुक्याला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. फरशी घातलेलं. गाडीला वायर जोडली की दोष वाचून दाखवणारं मशीनही होतं. दोन वर्षांत तो मिस्त्रींकडे फिरकला नव्हता.

व्हॅनमधून आणखी एक माणूस उतरला. तो आत आला नाही. दाराबाहेर पडलेल्या जुन्या टायरवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"या, गाड्यांचे डॉक्टर," मिस्त्री म्हणाले. "वाट चुकलास व्हय?"

"न्हाई मिस्त्री. मुद्दाम आलोय."

"बाहेर कोण बसलंय?"

"कृष्णात. गाडी त्याची हाय."

"मग चालवत तू का आलास?"

सुकुमारने एकदा दाराकडे पाहिलं.

"तो स्टेअरिंगला हात लावंना झालाय."

मिस्त्रींनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बस. सांग."

सुकुमारने सांगितलं. वाटेत दहा वेळा मनात घोळवून ठेवलं होतं, त्यामुळे कुठे अडखळला नाही.

घाटाखालच्या खोऱ्यात कृष्णातचं गाव. त्या गावात चारचाकी म्हणजे ही एकच व्हॅन. सकाळ-संध्याकाळ शाळेची पोरं, मध्ये कुणी आजारी पडलं तर दवाखाना. मंगळवारी संध्याकाळी शेवंताकाकू बांधावर गवत कापत होत्या. पिंडरीला घोणस चावली. कृष्णातने पाच मिनिटांत गाडी दारात आणली. काकूंना मागच्या सीटवर निजवलं. सोबत त्यांचा मुलगा संभा आणि तिघं जण.

घाटाच्या चौथ्या वळणावर धुकं होतं. बारीक पाणी पडत होतं. गाडी आधी धक्के देऊ लागली, मग लंगडू लागली, मग चढावरच थांबली. कृष्णातने स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवली. पाऊण तासाने दुधाचा टेम्पो आला. काकूंना त्यात घातलं. दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या आत…

सुकुमार थांबला.

"पुढं," मिस्त्री म्हणाले.

"पुढं काय! दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. ऊन पडलं होतं. मी दुसरी बॅटरी लावली, चावी फिरवली, पहिल्या झटक्यात गाडी सुरू! सगळं गाव बघत होतं. संभा बी बघत होता."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हणालो, गाडीत दोष न्हाई. कृष्णात घाबरला. घाबरून ॲक्सिलरेटर दाबत बसला, पेट्रोल जास्त झालं, प्लग भिजले. खरं तेच बोललो."

"बघितलेस का प्लग?"

"बघायचं काय त्यात? शुक्रवारी मीच नवे टाकलेत. तिन्हीच्या तिन्ही. जुने पार झिजले होते, गॅप नखाएवढा झालेला. नवे टाकल्यावर गाडी शिवणयंत्रासारखी चालली."

"शुक्रवारी तू. मंगळवारी ती बाई."

"तसं नका जोडू, मिस्त्री."

"मी कुठं जोडलं?"

बाहेर टायरवर बसलेला कृष्णात जरा हलला. त्याला आतलं ऐकू जात होतं.

सुकुमारने आवाज उतरवला. "उद्या सकाळी गाव पारावर जमणार हाय. संभा म्हणतोय, कृष्णातनं गावातल्या माणसाला गाडीत घालायचं न्हाई इथून पुढं. पोरं तर बुधवारपासनंच बंद केलीत लोकांनी. चालत जात्यात. त्यांना शब्द पायजे. कुणीतरी म्हणालं, दस्तगीर मिस्त्रींचा शब्द आणा. तुम्ही एकदा गाडी ऐका, आणि सांगा. माझं नाव बी राहील, गावाचा बी निकाल लागंल."

"आणि ह्याचा?"

"कुणाचा?"

मिस्त्रींनी दाराच्या दिशेने हनुवटी हलवली.

तेवढ्यात कृष्णातच बाहेरून बोलला. उठला नाही, वळलाही नाही.

"मिस्त्री, माझाच पाय जड पडला असंल. असंलच. रोज स्वप्नात दाबतोय मी. सांगून टाका काय ते."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"गाडी आत घे," मिस्त्री म्हणाले.

सुकुमारने व्हॅन शेडमध्ये आणली. मागच्या भिंतीतल्या भोकातून धुराची नळी बाहेर काढलेली होती, ती त्याने सवयीने सायलेन्सरला लावली. इतक्या वर्षांनीही हात बरोबर तिथेच गेला. इंजिन चालू ठेवून तो बाजूला झाला.

मिस्त्री आले. पत्र्यावर तळहात ठेवून उभे राहिले, आजारी माणसाच्या अंगावर ठेवतात तसा.

इंजिन एका लयीत चालत होतं.

"बघा," सुकुमार म्हणाला. "चुकतोय कुठं ठोका? मशीन लावून बघितलं, मशीन बी म्हणतंय काय न्हाई."

"मशीनला विचारलंस. प्लगला विचारलंस का?"

सुकुमार हसला. "तुमचं तेच जुनं."

"मी बी जुनाच हाय. बंद कर. सीट उचल."

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सुकुमारने सीट उलटली, तसं कडेच्या फटीतून काहीतरी खाली पडलं. त्याने उचललं. जुन्या लुगड्याच्या धडप्याची पिळून वळलेली चुंबळ होती. गवताचा भारा डोक्यावर घेताना बायका वापरतात तसली. शेवंताकाकूंच्या डोक्याखाली ठेवली असणार, धक्क्यांनी मागच्या सीटवरून घरंगळत इथे आली असणार.

"काय हाय?"

"काय न्हाई. फडकं."

"दे इकडं."

मिस्त्रींनी ती हातात घेतली. बोटांनी गोल चाचपली. खिडकीच्या कठड्यावर त्यांनी ती नीट ठेवली आणि तिथेच कोपऱ्यात उभी असलेली एक लाकडी फळी काढली.

ती फळी सुकुमारच्या ओळखीची होती. चार भोकं, भोकांखाली खिळ्याने कोरलेले आकडे. या गॅरेजात प्लग काढला की तो त्याच्या आकड्याच्या भोकात उभा करायचा, दुसरीकडे कुठेही ठेवायचा नाही. पहिल्या वर्षी सुकुमारने दोन प्लग एकदम मुठीत धरले, तेव्हा मिस्त्रींनी त्याला संध्याकाळपर्यंत त्या गाडीला हात लावू दिला नव्हता. "चौकशीत साक्षीदार एका खोलीत कोंडतोस व्हय रं?" म्हणाले होते.

"शुक्रवारी काढलेले जुने कुठं ठेवलेस?"

"टाकले डब्यात. भंगारवाला घेऊन गेला असंल."

"त्यात तिसऱ्याचा कुठला होता?"

सुकुमारने पाना शोधायला घेतला.

"मिस्त्री, वीस गाड्या उभ्या असत्यात दारात. फळी कुठं घेऊन बसू?"

"मी कुठं म्हणालो बस. काढ प्लग."

त्याने वायरीच्या टोप्या उपसल्या आणि पाना लावला. पहिला प्लग पहिल्या भोकात, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या. ही गाडी तीनच सिलिंडरची. चौथं भोक रिकामं राहिलं.

मिस्त्रींनी पहिल्या प्लगचं टोक अंगठ्याने पुसलं. अंगठा नाकाजवळ नेला. दुसरं टोक पुसलं. मग तिसरं. मग अंगठा सुकुमारसमोर धरला.

"मला दिसत न्हाई. कसला झालाय?"

अंगठा काजळी पुसावी तसा काळा झाला होता.

"…काळा."

"पहिल्या दोघांनी झाला?"

"न्हाई. त्यांचा रंग चांगला हाय. विटकरी."

"आणि कृष्णातनं पेट्रोल जास्त मारलं."

"तसंच असणार…"

"मग ते एकट्या तिसऱ्यालाच कसं पाजलं त्यानं? त्याच्या पायातनं तीन नळ्या निघत्यात व्हय वेगवेगळ्या?"

सुकुमारने फळीकडे पाहिलं. हे त्याला कळायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या पोराला कळलं असतं. पेट्रोल जास्त झालं असतं तर तिन्ही काळे पडले असते. एकच काळा, म्हणजे त्या एकाला ठिणगी मिळत नव्हती.

"प्लग खराब निघाला असंल," तो म्हणाला. "नवा माल बी कधीकधी…"

"अदलाबदल कर. तिसऱ्याचा पहिल्याला लाव."

सुकुमारने लावला. सीट उलटी ठेवूनच त्याने गाडी सुरू केली. इंजिन पुन्हा तसंच एका लयीत चाललं. चांगलं पाच मिनिटं चाललं.

"प्लग चांगला हाय," मिस्त्री म्हणाले.

"मग गाडीच चांगली हाय की, मिस्त्री!"

"वायरी बदलल्यास शुक्रवारी?"

"न्हाई. चांगल्या होत्या. मीटर लावून बघितल्या, तिन्हीचं रीडिंग बरोबर."

"मीटर आतली तार बघतो. वरचं कातडं कोण बघतं?"

"डोळ्यांनी बघितलं की मी."

"बरं." मिस्त्रींनी काळा अंगठा फडक्याला पुसला. "माझी पक्कड हाय का अजून?"

सुकुमारला बरं वाटलं. विषय बदलला असं वाटलं.

"म्हणजे काय! कायम खिशात असती." त्याने मागच्या खिशातून पक्कड काढली. लाल मुठीची, जबड्यातला मधला एक दाता तुटलेली. गॅरेज सोडून निघाला त्या दिवशी मिस्त्रींनी स्वतःच्या हातातली काढून दिली होती. तालुक्याच्या गॅरेजात तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. "उस्तादांची हाय," सांगायचा.

"ऱ्हाऊ दे खिशात," मिस्त्री म्हणाले. "आता शटर लाव."

"कशाला?"

"लाव."

सुकुमारने शटर खाली ओढलं. खाली येता येता त्याला कृष्णातची पाठ दिसली, मग कंबर, मग टायर, मग काहीच नाही. मिस्त्रींनी खिडकीवर पोतं टाकलं. बाहेर दुपारचं ऊन होतं आणि आत स्वतःचा हात दिसेना.

फक्त इंजिन चालत होतं.

"मिस्त्री?"

"हितंच हाय मी."

मिस्त्रींची पावलं शेडच्या कोपऱ्याकडे गेली आणि परत आली. अंधाराने त्यांचं काही अडत नव्हतं. मग फवाऱ्याच्या बाटलीचा आवाज आला. फुस्स… फुस्स… पाण्याचे बारीक थेंब सुकुमारच्याही मनगटावर पडले.

घाटातलं धुकं असंच असतं, त्याच्या मनात आलं.

फुस्स…

आणि इंजिन अडखळलं.

एकदा. मग पुन्हा. मग ते लंगडंच चालू लागलं. एक पाय ओढत चालावं तसं.

"बघ," मिस्त्री म्हणाले. "काय दिसतंय?"

सुकुमार वाकून बघत होता. त्याला दिसत होतं.

तिसऱ्या वायरीच्या गळ्याशी, टोपीच्या जरा वर, सुताएवढी निळी रेघ उडत होती. वायरीतून निघून इंजिनाच्या लोखंडावर. टक्. टक्. टक्. प्लगपर्यंत जायची ती ठिणगी वाटेतच उतरत होती. कोरड्या हवेत तिला वाट मिळत नव्हती. ओल मिळाली की मिळत होती.

आणि ती एकाच जागी उडत नव्हती. चार ठिकाणी उडत होती. दोन बारीक ठिपके, मध्ये मोकळी जागा, परत दोन ठिपके.

शुक्रवारची दुपार त्याला लख्ख आठवली. तिसरी टोपी प्लगला चिकटून बसली होती. जुनी रबरी टोपी अशी बसते. ती आधी हाताने पिळायची, डावीकडे, उजवीकडे, सुटली की मग टोपीलाच धरून वर घ्यायची. वायरीला धरायचं नाही, आणि लोखंड तर लावायचंच नाही. हे त्याला मिस्त्रींनीच शिकवलं होतं. पण दारात गाड्या उभ्या होत्या, कृष्णातला शाळा सुटायच्या आत निघायचं होतं. सुकुमारने खिशातली पक्कड काढली होती, वायर गळ्याशी पकडली होती आणि हिसडा दिला होता. टोपी निघाली होती. वायरीवर खुणा राहिल्या असतील असं त्याला वाटलंही होतं. अंगठ्याने त्याने ती जागा एकदा चोळली होती. मग मीटर लावला. रीडिंग बरोबर आलं.

"सुकुमार, काय दिसतंय?"

अंधारात मिस्त्रींचा चेहरा दिसत नव्हता. आणि त्या डोळ्यांना ही निळी रेघ दिसणार नव्हती.

"काय न्हाई," सुकुमार म्हणाला.

इंजिन लंगडत होतं.

"काय न्हाई?"

"…न्हाई."

टक्. टक्. टक्. तो आवाज इंजिनाच्या आवाजात बुडून जावा एवढा बारीक होता. पण ह्या म्हाताऱ्यासमोर तो बुडणार कसा, हे सुकुमारला कळत होतं.

"बंद कर गाडी," मिस्त्री म्हणाले.

त्याने चावी फिरवली. शेडमध्ये एकदम शांतता झाली. पाण्याचा एक थेंब गरम लोखंडावर पडून चर्रर्र झाला.

मिस्त्रींचा हात अंधारात त्याच्या हाताजवळून पुढे गेला. वायरीवरून चालत गेला. पहिली. दुसरी. तिसरी. तिसरीच्या गळ्याशी थांबला. नखाने त्यांनी ती जागा मोजल्यासारखी केली. दोन खळगे. मग गुळगुळीत. मग दोन खळगे.

"पक्कड दे."

सुकुमारने दिली नाही. त्याचा हात खिशापाशीच राहिला.

"दे रं."

त्याने दिली. मिस्त्रींनी टोपी पिळली, डावीकडे, उजवीकडे, आणि अलगद वर घेतली. दुसरं टोक सोडवलं. वायर हातात घेऊन त्यांनी पकडीचा जबडा त्या खळग्यांवर ठेवला. हलवून बघायची गरजच पडली नाही. घरातली किल्ली कुलपात बसावी तसा तो बसला.

"दाता माझ्या हातनं तुटला होता," मिस्त्री म्हणाले. "ट्रकचा नट काढताना. तवाच टाकून द्यायला पायजे होती ही. तुला देऊन बसलो."

"मिस्त्री…"

"एवढा जोर कशाला लावलास?"

खरं तर काहीच मोठं घडलं नव्हतं त्या दिवशी. एक टोपी निघत नव्हती. सुकुमारला घाई होती. आणि ह्या हाताने ओढलं की निघतंच, असं त्याला वाटत होतं.

बाहेर कृष्णात खोकला. पत्र्यातून तो अगदी जवळ ऐकू आला.

सुकुमार मिस्त्रींच्या आणखी जवळ सरकला. आता तो कुजबुजत होता.

"मिस्त्री, वायरीचा नवा सेट गाडीत हाय. आत्ता टाकतो. दहा मिनिटांचं काम."

"टाक की."

"उद्या मग…"

"उद्या काय?"

"उद्या तुम्ही येऊ नका. मी सांगतो, मिस्त्रींना दोष सापडला न्हाई. कृष्णातला काय होत न्हाई. चार दिवस बोलतील लोक, मग इसरतील. गाडी चांगली चालंल, पोरं परत बसतील. माझं मात्र…" त्याने मिस्त्रींचा दंड धरला. "माझं मात्र सगळं जाईल, मिस्त्री. ह्या हातावर विश्वास ठेवून लोक येत्यात. तुमचा शिष्य म्हणून येत्यात. संभाच्या समोर कसा उभा राहू मी? आणि सांगून ती बाई परत येणार हाय का?"

"न्हाई."

"मग?"

मिस्त्रींनी वायर त्याच्या हातात दिली. पक्कडही दिली. मग ते अंधारात वळले, खिडकीपाशी गेले आणि चाचपडत चुंबळ घेऊन आले. तीही त्याच्या हातांवर ठेवली. तिच्यात अजून गवताचा वास होता. एक वाळलेली काडी त्याच्या मनगटाला टोचली.

"आता सांग," मिस्त्री म्हणाले. "मगाशी इचारलं होतं मी. काय दिसतंय?"

गडद अंधार होता. गाडी बंद होती. कुठे ठिणगी नव्हती.

सुकुमार तसाच उभा राहिला. काडी मनगटाला टोचतच होती.

"तिसरी वायर…" तो म्हणाला. त्याने पुन्हा सुरुवात केली. "तिसरी वायर गळ्याशी फुटलीया. पकडीनं. माझ्या…"

पुढचा शब्द आला नाही.

मिस्त्रींनी तो पुरा केला नाही. वाट पाहिली.

"…माझ्या हातानं."

"बाहेर कोण बसलंय?"

"कृष्णात."

"कधीपासनं बसलाय?"

दुपारपासून, असं उत्तर सुकुमारच्या जिभेवर आलं. ते त्याने दिलं नाही.

मिस्त्री त्यांच्या स्टुलावर जाऊन बसले. लाकूड करकरलं. मग त्यांचा आवाज आला, कामावर असताना "तेरा नंबरचा पाना दे" म्हणत तसाच, ना रागाचा ना मायेचा.

"शटर उघड."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकुमारने पारावर सगळ्या गावासमोर सांगितलं, पक्कड कुठे लागली, कशी लागली आणि कुणी लावली. तिथून तो शेवंताकाकूंच्या दारात गेला. एका हातात वायर होती, दुसऱ्या हातात चुंबळ. संभाने चुंबळ घेतली. वायर घेतली नाही.